झोपेचा हिशेब: कर्नलच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये शिरतानाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

काम ठरलं. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, पॉवर मॅनेजमेंटमध्ये (वीज वाचवणाऱ्या कोडमध्ये) उपयोगाची एक तरी भर घालायची, आणि तीही आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात बसून. हाताशी आहे नागपूरहून आणलेला जुना, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह लॅपटॉप, त्यावर डेबियन १२ लिनक्स. शिवाय कॉलेजच्या प्रोजेक्टमधून उरलेला रास्पबेरी पाय (एका बोर्डाचा छोटा संगणक) आणि एक डबाभर सेन्सर.

आज फक्त कुठे काय आहे ते पाहिलं. हा विषय कर्नलच्या एका फोल्डरमध्ये मावत नाही. अख्खं मशीन झोपवायचा कोड ‘कर्नल/पॉवर’मध्ये. एकेक डिव्हाइस झोपवण्या-उठवण्याचा पाया ‘ड्रायव्हर्स/बेस/पॉवर’मध्ये. रिकामा बसलेला प्रोसेसर किती खोल झोपवायचा ते ‘सीपीयूआयडल’ ठरवतं, कामात असताना किती वेगाने पळवायचा ते ‘सीपीयूफ्रेक’. कोणता तुकडा कोण सांभाळतं हे ‘मेंटेनर्स’ नावाच्या फायलीत लिहिलेलं असतं. या भागात राफाएल विसोत्स्की हे नाव जागोजागी दिसतं. ‘टूल्स/पॉवर’ फोल्डरमध्ये टर्बोस्टॅट (लेन ब्राउन सांभाळतात), सीपीयूपॉवर (शुआ खान सांभाळतात) आणि पीएम-ग्राफ अशी मोजण्या-तपासण्याची हत्यारंही कर्नलसोबतच येतात. नवशिक्याला ही माहिती उशिरा मिळते. खरं तर इथूनच सुरुवात करावी, कारण ही साधी प्रोग्रॅम्स आहेत, बिघडली तर मशीन बंद पडत नाही.

९ ऑक्टोबर

कर्नलचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, आणणं हेच आमच्याकडे निम्मं काम. कर्नलचा पूर्ण इतिहास कित्येक जीबींचा, मोबाइलचा डेटा रोजच्या मापाने मिळणारा, आणि रेंज फक्त स्लॅबवर. गिट क्लोन (सोर्सची इतिहासासकट प्रत उतरवणं) मध्येच तुटला की पुन्हा पहिल्यापासून. एकाच कमिटपुरता (नोंदवलेल्या एका बदलापुरता) उथळ क्लोन लवकर उतरतो, पण त्यात इतिहास नसतो. एखादी चूक कोणत्या कमिटने आली हे शोधायचं म्हटलं की तो कामाचा नाही.

तोडगा कर्नलच्या अधिकृत साइटवरच आहे: क्लोन बंडल. अख्खी रिपॉझिटरी एकाच मोठ्या फायलीत. ती डब्ल्यूगेट या डाउनलोडरने तुटलेल्या जागेपासून पुढे उतरवता येते. रात्री फोन स्लॅबवर ठेवायचा, सकाळी किती आलं ते बघायचं. फाइल पूर्ण झाली की तिच्यावरून क्लोन करायचा, मग मूळ पत्ता जोडून राहिलेलं तेवढं ओढायचं. खेड्यातून कर्नलच्या वाटेला लागणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगेन.

१४ ऑक्टोबर

पहिला बिल्ड, म्हणजे सोर्सपासून कर्नल बांधणं. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये (काय काय बांधायचं त्या यादीत) जगातल्या सगळ्या हार्डवेअरचे ड्रायव्हर असतात, ते सगळे बांधायची गरज नाही. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ दिलं की या घडीला चालू असलेलेच मॉड्यूल उरतात. त्याआधी पेनड्राइव्ह, फोनचं टेदरिंग, हेडफोन, जे जे आपण कधी लावतो ते सगळं एकदा लावून घ्यावं. नाहीतर नव्या कर्नलवर फोन जोडला की नेट नाही.

कॉन्फिगमध्ये पीएम_डीबग आणि पीएम_अ‍ॅडव्हान्स्ड_डीबग हे तपासणीचे दोन्ही पर्याय चालू केले. पुढचं सारं काम यांच्यावरच आहे.

ऑक्टोबरची ऊन, त्यात दुपारी लाइट गेली. पंखा बंद, प्रोसेसर तापला, बॅटरी झरझर उतरली. बिल्ड थांबवला. लाइट आल्यावर मेक पुन्हा चालवलं, त्याने झालेल्या फायली सोडल्या आणि पुढे निघालं. आई म्हणाली, “त्या डब्ब्याखाली पाट ठेव, खालून हवा लागते.” ठेवला. टर्बोस्टॅटवर तापमान खरंच थोडं उतरलं.

१९ ऑक्टोबर

आज मोजायचं काम. या विषयात मोजल्याशिवाय बोलण्याला किंमत नाही. ‘माझी बॅटरी लवकर संपते’ ही तक्रार झाली, बग नव्हे.

भिंतीतून किती वीज जाते ते पाहावं म्हणून मोटार वाइंडिंगवाल्या काकांकडे टोंग टेस्टर (तारेभोवती जबडा धरून करंट मोजणारं यंत्र) मागायला गेले. ते म्हणाले, “हा पाच एचपीच्या मोटारीसाठी हाय पोरी. तुह्या लॅपटॉपचं यात काय दिसणार हाय? काही नाही.” मग स्वतःच एक जुनी एक्स्टेन्शन वायर सोलली, त्यातली फेजची एकच तार वेगळी काढली आणि टेस्टरच्या जबड्यातून तिचे दहा वेढे मारले. दहा वेढ्यांचं वाचन दहापट, मग दहाने भागायचं. एवढासा करंट टेस्टरवर ठळक दिसायला लागला. वेढा घालताना दोन्ही तारा एकत्र घेतल्या तर वाचन शून्य येतं, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात.

युक्ती झकास, पण माझ्या कामाला पुरत नाही. लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर सरळ साइन वेव्ह ओढत नाही, टोकाटोकाला झटक्याने ओढतो. म्हणून व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर म्हणजे वॅट नाही, खरे वॅट त्याहून कमी. शिवाय बॅटरी चार्ज होत असेल तर तेही त्यात मिसळतं.

त्यापेक्षा चार्जर काढून कर्नललाच विचारावं. ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०’ खाली एनर्जी_नाउ असतं, मायक्रोवॅट-तासांत. पॉवर_नाउ असतं, मायक्रोवॅटमध्ये. काही लॅपटॉपवर एनर्जीऐवजी चार्ज_नाउ दिसतं, ते मायक्रोअ‍ॅम्पिअर-तासांत, मग व्होल्टेजने गुणावं लागतं. पॉवर_नाउ क्षणाचं सांगतं आणि फार उड्या मारतं. एनर्जी_नाउची सुरुवातीची आणि शेवटची नोंद घेऊन वजाबाकी करणं जास्त भरवशाचं. नुसता स्क्रीन चालू, काम काही नाही: पाच वॅटच्या आसपास.

२५ ऑक्टोबर

पाच वॅट जातात कुठे? पॉवरटॉप लावलं. इंटेलने २००७ मध्ये काढलेलं हे हत्यार अजूनही पहिला प्रश्न बरोबर विचारतं: प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवलं, आणि कोणी?

माझ्या प्रोसेसरच्या झोपेचे टप्पे ‘सीपीयूआयडल’ फोल्डरमध्ये दिसतात, सी१ पासून सी१० पर्यंत. प्रत्येकापुढे दोन आकडे असतात. सी१० मधून जागं व्हायला ८९० मायक्रोसेकंद लागतात, आणि तिथे किमान ५००० मायक्रोसेकंद, म्हणजे ५ मिलिसेकंद, राहता आलं तरच तिथवर उतरणं परवडतं. आता हिशेब बघा. डेबियनच्या कर्नलचं घड्याळ सेकंदाला २५० ठोके देतं, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी एक. ठोका चालू राहिला तर सी१० कधीच परवडणार नाही. म्हणूनच रिकाम्या प्रोसेसरचा ठोका बंद करण्याची सोय लागते. ती २००७ च्या २.६.२१ कर्नलमध्ये आली. दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा त्या सोयीचं कारण मला खऱ्या अर्थाने कळलं, नुसतं वाचून कळलं नव्हतं.

शिवारातल्या मोटारींना वीज देणाऱ्या डीपीचं मात्र नेमकं उलट आहे. स्टार्टरला ऑटो लावलेले असतात. लाइन आली रे आली की साऱ्या मोटारी एका दमात उठतात आणि डीपीचा फ्यूज जातो. म्हणून शहाणा माणूस ऑटोला डिले लावतो, सगळ्यांनी मागेपुढे उठावं म्हणून. प्रोसेसरमध्ये सगळ्यांनी एकत्रच उठलेलं बरं. दहा टायमर दहा वेगळ्या क्षणी वाजले तर दहादा झोपमोड, आणि प्रत्येक वेळी उठण्याची किंमत वेगळी मोजावी लागते. एकाच क्षणी वाजले तर एकदाच उठायचं, सगळी कामं उरकायची आणि पुन्हा खोल जायचं. त्यासाठी कर्नल टायमरला थोडी ढील देतो. साध्या प्रोसेसला ती ५० मायक्रोसेकंद असते आणि प्रोग्रॅमला हवी तर वाढवून घेता येते. ज्यांना घाई नाही असे काही टायमर तर प्रोसेसर दुसऱ्या कशाने उठेपर्यंत वाट बघतात.

माझ्याकडे सगळ्यात जास्त झोपमोड ब्राउझर करत होता. बाजारभावाचं एक पान बाबांसाठी उघडं ठेवलेलं असतं, तेच. पान बंद केलं, उठण्याचा आकडा निम्म्याखाली आला. कर्नलची चूक शून्य.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली, कापूस वेचणी सुरू. दिवसा वावरात, संध्याकाळी हे.

आज सस्पेंड, म्हणजे अख्खं मशीन झोपवणं. ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ उघडल्यावर माझ्याकडे दोन शब्द दिसतात, एसटूआयडल आणि डीप. जो निवडलेला असतो तो चौकटी कंसात. डीप म्हणजे जुना एस३: रॅम स्वतःपुरती जागी, बाकी जवळपास सगळं बंद, आणि उठवायचं काम फर्मवेअरकडे (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमकडे). एसटूआयडलमध्ये फर्मवेअरच्या हाती सूत्रं जात नाहीत. कर्नल प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) गोठवतो, एकेक डिव्हाइस झोपवतो आणि प्रोसेसरला सगळ्यात खोल टप्प्यात सोडून देतो. त्यात एका जरी ड्रायव्हरने कुचराई केली तर सगळं मशीन अर्धवट जागं राहतं. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एस३ देतच नाहीत, त्यामुळे ड्रायव्हर नीट असण्याला आता पूर्वीपेक्षा जास्त किंमत आली आहे. कामही तिथेच आहे.

झोपेत मशीन अडकलं तर स्क्रीन काळी, काय झालं ते कळायला मार्ग नाही. त्यासाठी ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’ ही फाइल फार सोयीची. तिच्यात फ्रीझर लिहिलं तर कर्नल फक्त प्रोसेस गोठवतो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो. डिव्हायसेस लिहिलं तर डिव्हाइसंही झोपवून परत. मग प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. पायरी पायरीने खाली उतरायचं. जिथून परत आलं नाही, ती पायरी बिघडलेली. जोडीला आरटीसीवेक, म्हणजे ठरावीक वेळाने मशीन आपोआप उठेल.

पीएम-ग्राफमधल्या स्लीपग्राफने चित्र काढून दिलं: कोणत्या डिव्हाइसला झोपायला आणि उठायला किती मिलिसेकंद लागले, पट्ट्यापट्ट्यांनी. माझ्याकडे उठताना सगळ्यात लांब पट्टी वायफायची.

९ नोव्हेंबर

या आठवड्यात लाइन रात्रीची. बाबा हरभऱ्याला ओलीत करायला गेले, मी लॅपटॉप डीपमध्ये टाकून बॅगेत ठेवला. सकाळी बॅग कोमट, बॅटरी अर्ध्यावर.

‘सस्पेंड_स्टॅट्स’मध्ये बघितलं तर यशस्वी झोपांचा आकडा भरमसाट वाढलेला. म्हणजे रात्रभर उठत होता आणि पुन्हा झोपत होता. झाकण बंद असल्याने सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) त्याला थोड्या वेळाने परत झोपवायचं. ‘/प्रोक/एसीपीआय/वेकअप’मध्ये यूएसबीचा कंट्रोलर उठवायला मोकळा होता, आणि पोर्टमध्ये वायरलेस माउसचा चिमुकला रिसीव्हर. हे रिसीव्हर माउससोबत विकले तरी स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणूनही देतात, आणि यूएसबी कीबोर्डला मशीन उठवायची मुभा कर्नल आपणहून देतो. बॅगेत माउस दाबला की लॅपटॉप जागा.

रिसीव्हर काढून पुढची रात्र मोजली. एनर्जी_नाउ ३४१२०००० वरून ३०२४०००० वर आलं, नऊ तासांत. म्हणजे ३.८८ वॅट-तास, सरासरी ०.४३ वॅट. एस३ साठी ठीक. मग रिसीव्हर परत लावून त्याच्या ‘पॉवर/वेकअप’ फायलीत डिसेबल्ड लिहिलं, आणि ते कायम राहावं म्हणून डिव्हाइस जोडलं की लागू होणारा यूडेव्हचा एका ओळीचा नियम केला.

हा बग म्हणून कोणाला कळवला नाही. कर्नल सांगितल्याप्रमाणेच वागत होता. यादीतून एकेक गोष्ट काढून टाकत शेवटी ‘बग नाहीच’ इथे पोचणं हेसुद्धा काम आहे. ते न करता कळवणाऱ्यांमुळेच मेंटेनर लोक वैतागतात.

१८ नोव्हेंबर

काल कर्नलची ६.१२ आवृत्ती आली. इथून दोन आठवडे मर्ज विंडो. या काळात मेंटेनर गोळा केलेलं काम वर पाठवण्यात गुंतलेले असतात, नवे पॅच (कोडमधल्या बदलाचे प्रस्ताव) बहुतेक जण बघत नाहीत. १ डिसेंबरला ६.१३ चा आरसी१ (पहिली चाचणी आवृत्ती) येईल, तोपर्यंत तयारी करायची. परवा मतदान, शाळेत केंद्र, गावात भोंगे. रात्री अकरानंतरच डोकं चालतं.

२६ नोव्हेंबर

पहिल्या पॅचसाठी जागा सापडली.

रनटाइम पीएम म्हणजे मशीन जागं असतानाच वापरात नसलेलं डिव्हाइस झोपवणं. त्यासाठी कर्नल प्रत्येक डिव्हाइसचा वापर-आकडा ठेवतो. काम सुरू करताना एकाने वाढवायचा, संपलं की एकाने कमी, शून्य झाला की झोप. वाढवण्यासाठी पीएम_रनटाइम_गेट_सिंक हे फंक्शन आहे आणि त्यात एक खोच आहे: डिव्हाइस उठलं नाही, एरर आली, तरीही आकडा वाढलेलाच राहतो. ड्रायव्हर लिहिणारा एरर बघून तसाच परत फिरला की आकडा कायमचा एकाने जास्त. पुढे ते डिव्हाइस कधीच झोपत नाही, आणि कुठे एररही दिसत नाही. बॅटरी तेवढी झिरपत राहते. यावर उपाय म्हणून ५.१० मध्ये पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आलं. ते अपयश आलं तर आकडा स्वतः खाली आणतं.

जुन्या ड्रायव्हरमध्ये हे अजून सापडतं. ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) मारला तर ढीगभर जागा दिसल्या. पण दिसेल तिथे शोधा-आणि-बदला करून पन्नास पॅच धाडणं मला पटत नाही. काही ठिकाणी तो आकडा पुढे दुसऱ्या फांदीत बरोबर उतरवलेला असतो. तिथे आंधळेपणाने बदललं तर आकडा शून्याच्या खाली जायचा. ज्याचं हार्डवेअर माझ्या हातात आहे तोच ड्रायव्हर घेतला: डब्यातला, आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरचा प्रकाश मोजणारा सेन्सर. पॅच अजून पुढे जायचा आहे, म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही.

३ डिसेंबर

रास्पबेरी पायवर ६.१३ आरसी१ चढवलं, लॅपटॉपवरच क्रॉस-कंपाइल (दुसऱ्या प्रोसेसरसाठी बांधणी) करून. पाय झोपवता येत नाही म्हणून तो पॉवर मॅनेजमेंटला निरुपयोगी असं ऐकते. अख्खं मशीन झोपवायला निरुपयोगी खरा, पण रनटाइम पीएम त्यावर छान तपासता येतं.

सेन्सरच्या ‘पॉवर’ फोल्डरमध्ये रनटाइम_यूसेज वाचलं: ०. एकदा प्रकाश मोजला, पुन्हा ०. मग एसडीएची, म्हणजे डेटाची, तार ब्रेडबोर्डवरून उपटली आणि मोजायला लावलं. एरर, आणि आकडा १. पुन्हा मोजलं: २. पुन्हा: ३. चूक डोळ्यांसमोर मोजता आली. तार परत खोचली तरी आकडा उतरला नाही. वर आणखी एक: उठवताना एकदा एरर आली की रनटाइम पीएम ती लक्षात ठेवतं, ड्रायव्हर काढून पुन्हा जोडेपर्यंत त्या डिव्हाइसला हात लावू देत नाही. हे चुकीत धरायचं नाही, ते मुद्दाम तसं केलेलं आहे.

पॅच लावला, तार उपटली, मोजलं: एरर आली, आकडा ०. कितीही वेळा मोजा, ०.

८ डिसेंबर

कोड दोन ओळींचा, कमिटचा मजकूर त्याच्या कितीतरी पट. असंच असावं. काय बिघडतं, का बिघडतं, कसं तपासलं. फिक्सेसच्या ओळीत चूक आणणाऱ्या कमिटचे पहिले बारा अंक-अक्षर आणि त्याचं शीर्षक द्यावं लागतं. ते कोणती ओळ कोणत्या कमिटने आली हे दाखवणाऱ्या गिट ब्लेमने काढलं. बंडल उतरवलं त्याचं सार्थक इथे झालं. साइन्ड-ऑफ-बाय स्वतःच्या नावाने. मग पॅचची मांडणी तपासणारं चेकपॅच, कोणाला पाठवायचं त्यासाठी गेट_मेंटेनर, आणि गिट सेंड-ईमेल. साधा मजकूर, जोडपत्र नाही. जीमेलला यासाठी वेगळा अ‍ॅप पासवर्ड लागतो.

आधी स्वतःलाच पाठवून बघितला, मेलमधून उचलून कोऱ्या झाडावर, म्हणजे न बदललेल्या सोर्सवर, लावला, नीट लागला. मग स्लॅबवर जाऊन खरा पाठवला.

१२ डिसेंबर

मेंटेनरचं उत्तर आलं, मोजकं आणि मुद्द्याचं. मी त्याच पॅचमध्ये जुना सस्पेंडचा मॅक्रो (कोडचा तयार साचा) काढून नवा घातला होता. ते वेगळं करा म्हणाले. दुरुस्ती आधीच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये जाऊ शकते, साफसफाई नाही, म्हणून दोन्ही एका गाठोड्यात नकोत. कारण पटण्यासारखं आहे. तार उपटून तपासल्याचा मजकूर तीन रेघांच्या खाली, म्हणजे कमिटमध्ये न जाणाऱ्या भागात, टाकला होता, तो वर कमिटमध्येच घ्या, असंही सांगितलं.

रात्री वेचणीचा हिशेब लिहून झाल्यावर दुसरी आवृत्ती केली. विषयात ‘व्ही२’, तीन रेघांच्या खाली काय बदललं ते, पॅच दोन.

२१ डिसेंबर

दुरुस्तीचा पॅच मेंटेनरने आपल्या झाडात घेतला. साफसफाईचा पुढच्या फेरीसाठी ठेवला आहे.

काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “पैसे किती देते?” काहीच नाही म्हटल्यावर, “मंग टोंग टेस्टरचं भाडं कोण देईल?” म्हणून हसले. सोललेली एक्स्टेन्शन वायर मात्र त्यांनी दुकानात तशीच टांगून ठेवली आहे. कोणाचा चार्जर जास्त खातो ते आता गावातली पोरं येऊन बघतात.

पुढचं काम ठरवलं आहे. दर आरसीला लॅपटॉपवर दोन रात्री मोजायच्या, एक डीपमध्ये आणि एक एसटूआयडलमध्ये, जोडीला स्लीपग्राफचं चित्र. एखाद्या आवृत्तीत आकडा वाढला तर बायसेक्ट. एका आवृत्तीत दहा-पंधरा हजार कमिट असले तरी निम्मे-निम्मे करत गेलं की तेरा-चौदा बिल्डमध्ये नेमका कमिट सापडतो. जुन्या मशीनवर रात्रभर मोजत बसणारं माणूस मेंटेनरकडे नसतं, ते इथे आहे. उद्या ६.१३ चा आरसी४ येणार. लाइन पुन्हा रात्रीची, त्यामुळे बिल्ड दिवसा उरकून घ्यावा लागेल.